राक्षसाचा शेवट आणि गोष्टीचा शेवट



आज मी ज्या चित्रपटाविषयी बोलणार आहे, त्याची जात ऐकून काही घरांत नाके मुरडली जातील हे मी जाणून आहे. अमेरिकेत ज्यांना ‘स्लॅशर’ म्हणतात, त्या वर्गातला हा चित्रपट आहे. स्लॅशर म्हणजे सपासप वार करणारा. ह्या चित्रपटांचा साचा बहुतेक ठरलेला असतो. मुखवटा घातलेला एक खुनी, त्याच्या हातात सुरी किंवा कुऱ्हाड, एखादे शांत गाव किंवा सुट्टीतील मुलांची छावणी, आणि एकामागून एक बळी पडणारी तरुण मंडळी. अखेरीस बहुधा एक मुलगी तेवढी वाचते आणि खुनी कोसळतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो न टाकतो, तोच तो पडलेला देह हालतो किंवा नाहीसा होतो. म्हणजे लवकरच पुढला भाग येणार, असे समजावे.

अशा चित्रपटांचा विचार सुजाण माणसाने कशासाठी करावा? माझे उत्तर असे की, गोष्ट संपते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न कथेइतकाच जुना आहे, आणि तो प्रश्न ह्या मालिकांत जितक्या उघड्या स्वरूपात दिसतो तितका थोर साहित्यातही क्वचित दिसतो. कारण येथे खलनायकाला मारणे सोपे असते आणि गोष्टीला मारणे मात्र महाकठीण. ‘हॅलोवीन’ नावाची मालिका १९७८ साली सुरू झाली. तिच्या शेवटच्या भागाने, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘हॅलोवीन एण्ड्स’ ह्या तेराव्या चित्रपटाने, हा प्रश्न हाती घेतला. त्याने दिलेले उत्तर पुष्कळांना आवडले नाही. परंतु ते विचार करण्यासारखे आहे, म्हणून आजचे हे भाषण. चित्रपटाचा शेवट सांगितल्यावाचून मला बोलता येणार नाही. ज्यांना तो आधी कळावयास नको असेल त्यांची मी आताच क्षमा मागतो.

प्रथम ह्या नावाविषयी दोन शब्द. हॅलोवीन हा ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा सण. अमेरिकेतील मुले त्या रात्री भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात आणि घरोघरी भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात. ज्या रात्री प्रत्येकाच्याच तोंडावर मुखवटा असतो, त्या रात्री खरा खुनी मुखवटा घालून रस्त्याने चालला तर त्याला ओळखणार कोण? पहिल्या चित्रपटाची सारी कल्पना ह्या एका प्रश्नात सामावलेली आहे.

तो चित्रपट जॉन कार्पेंटर ह्यांनी दिग्दर्शित केला आणि डेब्रा हिल ह्या बाईंसह लिहिला. खर्च सुमारे सव्वातीन लाख डॉलर, म्हणजे त्या देशाच्या मानाने अगदी किरकोळ. कथा घडते इलिनॉय राज्यातील हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावी, शरद ऋतूत. चित्रीकरण मात्र झाले कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत. तेव्हा पानगळ दाखविण्यासाठी रंगविलेली पाने रस्त्यावर पसरावयाची आणि दृश्य आटोपले की गोळा करून पुढच्या दृश्यासाठी जपून ठेवावयाची, असा प्रकार चालला होता. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून दोन डॉलरांच्या आत आणलेला, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कॅप्टन कर्क ह्या पात्राचा मुखवटा. त्याचे डोळे मोठे कापले आणि त्यावर पांढरा रंग दिला. एवढ्याने त्यातील माणूस पुसला गेला आणि एक कोरा, भावशून्य चेहरा शिल्लक राहिला. संगीत कार्पेंटर ह्यांनी स्वतःच रचले. पियानोवरील ती साधी सुरावट पाच मात्रांची आहे. चारच्या ठेक्याला सरावलेल्या कानाला प्रत्येक वेळी एक मात्रा जास्त पडते, आणि ऐकणाऱ्याचे मन स्थिरावू शकत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. १९६३ सालच्या हॅलोवीनच्या रात्री मायकेल मायर्स नावाचा सहा वर्षांचा मुलगा आपल्या थोरल्या बहिणीचा सुरीने खून करतो. पंधरा वर्षे तो मनोरुग्णालयात मूकपणे बसून राहतो. मग पळून आपल्या गावी परत येतो. गावात लॉरी स्ट्रोड नावाची शाळकरी मुलगी शेजाऱ्यांची मुले सांभाळण्याचे काम करीत असते. त्या रात्री मायकेल तिच्या मित्रमैत्रिणींना मारतो आणि तिच्याही मागे लागतो. लॉरीची भूमिका करणाऱ्या जेमी ली कर्टिस तेव्हा १९ वर्षांच्या होत्या. १९६० सालच्या ‘सायको’ ह्या गाजलेल्या चित्रपटातील अभिनेत्री जॅनेट ली ह्या त्यांच्या मातोश्री.

मौज अशी की, ह्या चित्रपटात रक्त फारसे दिसतच नाही. भीती उत्पन्न होते ती अंतरामुळे. खुनी धावत नाही, तो चालतो. कधी तो कुंपणाआड उभा असतो, कधी वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, कधी रस्त्याच्या पलीकडे. आणि दुसऱ्या क्षणी तेथे कोणीच नसते. श्रेयनामावलीत मुखवट्यातील ह्या पात्राला नाव दिलेले नाही. तेथे फक्त ‘द शेप’, म्हणजे ‘आकृती’ एवढेच लिहिले आहे. त्याने खून का केले, ह्याचे कारण चित्रपट देत नाही. कारण सापडले की भीती निम्मी होते, हे कार्पेंटर जाणून होते.

त्या चित्रपटाचा शेवट आपण नीट ध्यानात ठेवू, कारण पुढे त्याच्याशी आपल्याला काम आहे. मायकेलवर उपचार करणारे डॉक्टर लूमिस त्याच्यावर सहा गोळ्या झाडतात. तो माडीवरून खाली अंगणात कोसळतो. डॉक्टर डोकावून पाहतात, तो अंगण रिकामे. आणि मग पडद्यावर एकामागून एक ओळखीच्या जागा दिसू लागतात: घरातील खोल्या, जिना, ज्या घरांतून तो हिंडला ती घरे. सर्वत्र शांतता आहे, माणूस नाही. ऐकू येतो तो फक्त मुखवट्याआडचा श्वास. म्हणजे तो कोठेच नाही, आणि म्हणूनच तो सर्वत्र आहे. कथा म्हणून हा शेवट पूर्ण होता. त्याला पुढल्या भागाची गरज नव्हती.

परंतु कथेची गरज निराळी आणि व्यापाराची गरज निराळी. सव्वातीन लाखांच्या त्या चित्रपटाने जगभर सुमारे सात कोटी डॉलर मिळविले. तेव्हा १९८१ साली दुसरा भाग आला. त्याच रात्रीची गोष्ट पुढे चालवून त्यात सांगितले गेले की, लॉरी ही मायकेलची धाकटी बहीण आहे. ज्याला कारण नव्हते त्याला कारण मिळाले, आणि आकृतीचा नुसता एक भाऊबंदकीचा खुनी झाला. भागाच्या अखेरीस मायकेलला जाळून टाकण्यात आले. निर्मात्यांनी त्याला मनापासूनच संपविले होते, कारण १९८२ सालच्या तिसऱ्या भागात तो पात्र म्हणून नाहीच. हॅलोवीनच्या सणावर दरवर्षी निराळी कथा सांगावी असा त्यांचा बेत होता. प्रेक्षकांनी तो बेत नाकारला. त्यांना गोष्ट नको होती, मुखवटा हवा होता. १९८८ साली चौथा भाग निघाला, आणि त्याच्या नावातच मायकेल मायर्स परत आल्याची ग्वाही होती.

येथून पुढे जे झाले ते ह्या एका मालिकेपुरते नव्हते. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ ह्या दुसऱ्या मालिकेचा चौथा भाग १९८४ साली ‘अंतिम प्रकरण’ अशा अर्थाच्या नावाने आला. १९८५ साली लगेच पाचवा भाग आला, आणि त्याच्या नावाचा अर्थ होता ‘नवा आरंभ’! फ्रेडी नावाच्या, स्वप्नात येऊन मारणाऱ्या खलनायकाचा मृत्यू १९९१ साली चित्रपटाच्या नावातच जाहीर झाला. १९९४ साली तो पुन्हा पडद्यावर हजर. ‘शेवटचा भाग’ ही ह्या व्यवसायात प्रतिज्ञा नसून जाहिरात असते. कापडाच्या दुकानावर ‘शेवटचे दोन दिवस’ अशी पाटी असते ना, तिचा आणि ह्या नावांचा अर्थ एकच.

ह्यात केवळ चित्रपटवाल्यांचाच दोष काढणे न्यायाचे होणार नाही. शेरलॉक होम्सला आर्थर कॉनन डॉयल ह्यांनी १८९३ साली धबधब्याच्या दरीत लोटून दिले होते, आणि वाचकांच्या आग्रहापुढे १९०३ साली त्याला परत आणावे लागले. आवडते पात्र मेले तर वाचक लेखकाला क्षमा करीत नाहीत. परंतु होम्स परत आला तेव्हा वाचकांना आनंद झाला, कारण एक सज्जन परत आला होता. ‘हॅलोवीन’मध्ये परत येतो तो मृत्यू. आणि तो परत आला की ज्या मुलीने जिवावर उदार होऊन त्याला एकदा थोपविले, तिचे ते थोपविणे व्यर्थ ठरते. खलनायकाचे अमरत्व फुकट मिळत नसते. त्याची किंमत नायिकेला मोजावी लागते, आणि प्रत्येक नव्या भागाबरोबर ती वाढत जाते.

ह्याचे सर्वांत क्रूर उदाहरण ह्याच मालिकेत आहे. १९९८ साली, पहिल्या चित्रपटाला वीस वर्षे झाल्यानिमित्त, कर्टिसबाई लॉरीच्या भूमिकेत परत आल्या. नाव बदलून, दूर कॅलिफोर्नियात एका शाळेची मुख्याध्यापिका होऊन राहिलेली लॉरी पळणे थांबविते, मायकेलला गाठते आणि कुऱ्हाडीने त्याचे शिर धडावेगळे करते. ह्याहून निःसंदिग्ध शेवट कोणता असू शकतो? तरीही २००२ सालच्या भागाने सांगितले की, ते शिर मायकेलचे नव्हतेच. त्याने एका निरपराध रुग्णसेवकाला आपला मुखवटा घालून पुढे केले होते. एवढे सांगून तो भाग आरंभीच लॉरीलाही मारून टाकतो. जिने वीस वर्षांचे भय एका घावाने संपविले, तिच्या माथी एका निरपराध माणसाचा वध लागला. पुढला भाग काढण्याची सोय झाली. पण एका स्त्रीच्या गोष्टीचा अर्थ पुसला गेला. त्यानंतर २००७ आणि २००९ साली रॉब झॉम्बी ह्या दिग्दर्शकाने सारी गोष्ट प्रारंभापासून नव्याने सांगून पाहिली.

अखेर २०१८ साली डेव्हिड गॉर्डन ग्रीन ह्यांनी एक धाडसी उपाय केला. पहिला चित्रपट तेवढा खरा मानावयाचा आणि मधले सर्व भाग घडलेच नाहीत असे धरावयाचे. भाऊबहिणीचे नाते गेले, शिरच्छेद गेला, लॉरीचा मृत्यूही गेला. उरली ती १९७८ सालची एक रात्र, आणि त्या रात्रीनंतर चाळीस वर्षे जगलेली एक स्त्री. ही लॉरी आता आजी झाली आहे. घराला तिने किल्ल्याचे रूप दिले आहे. बंदुका जमविल्या आहेत. ह्या एकाच ध्यासापायी तिचे संसार मोडले आहेत आणि मुलगी दुरावली आहे. कार्पेंटर स्वतः संगीतकार म्हणून परत आले; मुलगा कोडी आणि डॅनियल डेव्हिस ह्यांच्या साहाय्याने त्यांनी ह्या तिन्ही नव्या भागांना संगीत दिले. २०१८ सालच्या त्या चित्रपटाने जगभर २५ कोटी डॉलरांहून अधिक मिळविले, आणि तीन भागांचा बेत पक्का झाला.

दुसरा भाग २०२१ साली आला. त्यात गाव चवताळून उठते. लोक हाती सापडेल ते घेऊन रस्त्यावर येतात, आणि मायकेल समजून एका भेदरलेल्या, दुसऱ्याच मनोरुग्णाच्या मागे लागतात. तो बिचारा रुग्णालयाच्या खिडकीतून उडी टाकून मरतो. खरा मायकेल मात्र त्याच रात्री लॉरीच्या मुलीला ठार करून निसटतो. जमावाचा क्रोध दुष्टाला मारीत नाही, तो दुष्टासारखाच होतो, हा ह्या भागाचा आशय. तो मनात ठेवून आपण आता शेवटच्या भागाकडे वळू.

‘हॅलोवीन एण्ड्स’ पाहावयास गेलेल्या प्रेक्षकाची पहिली फसगत अशी होते की, बराच वेळ मायकेल दिसतच नाही. चित्रपट सुरू होतो तो कोरी कनिंगहॅम नावाच्या एका तरुणापासून. २०१९ सालच्या हॅलोवीनच्या रात्री तो एका घरी लहान मुलाला सांभाळण्यासाठी आलेला असतो. मुलगा खोडकर, तो कोरीला माळ्यावरच्या खोलीत कोंडतो आणि भीती दाखवितो. कोरी घाबरून दारावर लाथ मारतो, दार उघडते, पलीकडे उभ्या असलेल्या मुलाला त्याचा तडाखा बसतो, आणि मुलगा कठड्यावरून खाली पडून मरतो. नेमके त्याच क्षणी आईबाप घरात पाऊल टाकतात. पहिल्या चित्रपटात मुले सांभाळणारी मुलगी नायिका होती आणि तिने मुलांना वाचविले. येथे मुले सांभाळणाऱ्याच्याच हातून मूल जाते.

न्यायालय कोरीला निर्दोष ठरविते. गाव मात्र ठरवीत नाही. तीन वर्षे तो लोकांच्या नजरा आणि टोमणे सोशीत एका भंगाराच्या आवारात काम करतो. शाळकरी पोरांचे एक टोळके त्याचा छळ करते. लॉरीला त्याच्याबद्दल करुणा वाटते, कारण तिलाही गावाने सोडलेले नाही. मायकेलला तूच चिथावलेस, असे म्हणणारे लोक तिला बाजारात भेटतात. तीच कोरीची आणि आपली नात ॲलिसन हिची ओळख करून देते. दोन दुखावलेली तरुण माणसे एकमेकांजवळ येतात, आणि क्षणभर वाटते की ही गोष्ट बरी होण्याची आहे. परंतु एका रात्री ते टोळके कोरीला पुलावरून खाली ढकलते. पुलाखालच्या गटाराच्या बोगद्यात मायकेल चार वर्षे दडून बसलेला आहे, थकलेला आणि जर्जर. तो कोरीचा गळा धरतो, त्याच्या डोळ्यांत पाहतो, आणि त्याला सोडून देतो. तेथून बाहेर पडतो तो निराळाच कोरी. पुढे तो स्वतः खून करू लागतो, आणि शेवटी म्हाताऱ्या मायकेलशी झटापट करून त्याचा मुखवटा हिसकावून घेतो.

सप्तशतीतील रक्तबीजाची कथा आपल्या परिचयाची आहे. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून दुसरा रक्तबीज उभा राहावयाचा. देवीने शस्त्र चालविणे पुरेसे नव्हते. उलट, जितके शस्त्र चालवावे तितके राक्षस वाढत. कालीने मुख पसरून ते रक्त भूमीवर पडूच दिले नाही, तेव्हा कोठे तो मेला. ‘हॅलोवीन एण्ड्स’चा विचार ह्याच जातीचा आहे, फक्त येथे भूमी म्हणजे गाव आहे. मायकेलच्या हिंसेचा थेंब हॅडनफील्डच्या मातीत पडला. त्या मातीत भय होते, संशय होता, आणि आपल्या दुःखाचे खापर फोडण्यासाठी कोणीतरी माणूस हवा होता. कोरी हा त्या मातीत उगवला. मायकेल कसा झाला हे मालिकेने पहिल्या भागात सांगितले नाही आणि ते योग्यच केले; पण शेवटच्या भागात तिने दुसरा मायकेल कसा होतो हे आपल्या डोळ्यांसमोर घडविले. म्हणून कोरीचे प्रकरण हे विषयांतर नसून तोच विषय आहे, असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष शेवट. कोरी लॉरीच्या घरात शिरतो. ती सावध असते. तिच्या गोळ्यांनी तो घायाळ होतो. ॲलिसन दारात येत आहे असे पाहून तो स्वतःच्याच गळ्यात सुरी खुपसून घेतो, अशासाठी की नातीला वाटावे आजीनेच त्याला मारले. मग मायकेल येतो, आपला मुखवटा परत घेतो आणि कोरीची मान मोडतो. त्यानंतर जे द्वंद्व होते ते स्वयंपाकघरात. पूर्वीच्या भागांत आग होती, गोळीबार होता; येथे भांडीकुंडी, सुऱ्या आणि ओटा. लॉरी मायकेलचे हात सुऱ्यांनी ओट्याला खिळविते, त्याच्या पायांवर रेफ्रिजरेटर पाडते आणि मुखवटा काढते. आत आहे एक म्हातारा, जखमांच्या व्रणांनी भरलेला चेहरा. लॉरी त्याचा गळा चिरते. आलेली ॲलिसन तिला साहाय्य करते. १९७८ साली १९ वर्षांची असलेली अभिनेत्री ह्या चित्रपटाच्या वेळी ६३ वर्षांची होती, आणि ते वय ती लपवीत नाही. दोन वृद्ध देह एकमेकांशी झुंजत आहेत हे पाहताना थरारापेक्षा थकवाच अधिक जाणवतो, आणि तोच ह्या प्रसंगाचा खरेपणा आहे.

मायकेल मेला. परंतु तेवढ्याने भागत नाही, हे मालिकेचा इतिहासच सांगतो. जाळून मेला नाही, शिर तुटून मेला नाही, त्याच्या मरणावर आता विश्वास ठेवणार कोण? जरासंधाच्या वधाची कथा ह्या ठिकाणी आठवते. भीमाने त्याला उभा चिरला तरी दोन शकले पुन्हा जुळत. श्रीकृष्णाने काडी चिरून उलटसुलट फेकून दाखविली, तेव्हा कोठे इलाज सापडला. लॉरीचा इलाज असा. मायकेलचे प्रेत मोटारीच्या टपावर बांधले जाते आणि मोटार गावातून निघते. तिच्यामागे एक एक मोटार येऊन मिळते, घराघरांतून माणसे बाहेर येतात, आणि रात्रीच्या अंधारात सारे गाव त्या भंगाराच्या आवाराकडे जाते, जेथे कोरी काम करीत असे. तेथे जुन्या मोटारींचे तुकडे करणारे एक प्रचंड यंत्र आहे. लॉरी सर्वांच्या देखत मायकेलचा देह त्या यंत्रात लोटते.

दृश्य बीभत्स आहे ह्यात शंका नाही, आणि मुलांनी ते पाहू नये हे स्पष्टच सांगतो. अमेरिकेतही हा चित्रपट सतरा वर्षांखालील मुलांना वडीलधाऱ्यांवाचून पाहता येत नाही. तथापि त्या बीभत्सामागे विचार आहे. २०२१ सालच्या भागातील जमाव आणि २०२२ सालची ही यात्रा शेजारी ठेवून पाहा. लोक तेच आहेत. तेव्हा ते ओरडत होते. आता कोणी बोलत नाही. तेव्हा ते मारावयास निघाले होते. आता ते साक्षीला आले आहेत. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला, मारेकरी संपला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची गरज असते. सांगोवांगीने भय मरत नाही. आपल्याकडे मृताला खांदा देण्यास गाव जमते ते मृताच्या मानासाठी; येथे गाव जमले आहे ते जिवंतांच्या निश्चिंतीसाठी. आणि ज्या यंत्रापाशी गावाने आपला एक मुलगा वाया घालविला, तेथेच हा विधी व्हावा, ह्यात गावाच्या वाट्याचा दोषही न बोलता सांगितला गेला आहे.

ह्यानंतरही चित्रपट थोडा उरतो, आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच उरलेला भाग. लॉरी ह्या चित्रपटात आरंभापासून आपल्या आठवणी लिहीत असते. आता ती ते पुस्तक पुरे करते. दुष्टता मरत नाही, ती रूप पालटते, अशा आशयाचा विचार मांडून ती थांबते. नात गाव सोडून आपले आयुष्य जगावयास निघून गेली आहे. वृद्ध पोलीस अधिकारी हॉकिन्स दाराशी येऊन बसतो आणि दोघांचे बोलणे चालते ते झाडांच्या मोहराविषयी. मग पडद्यावर एकामागून एक रिकाम्या खोल्या दिसू लागतात, पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस दिसल्या होत्या तशाच. परंतु आता श्वास ऐकू येत नाही. मेजावर मुखवटा पडलेला आहे, कोरा आणि निर्जीव. १९७८ साली रिकामी खोली म्हणजे तो कोठेही असू शकतो असा अर्थ होता. २०२२ साली रिकामी खोली म्हणजे केवळ रिकामी खोली. एवढा एक फरक घडविण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली.

पुष्कळ प्रेक्षकांना हा चित्रपट रुचला नाही, हे प्रारंभीच सांगितले. त्यांची तक्रार अशी की, आम्ही मायकेल आणि लॉरी ह्यांचा शेवटचा सामना पाहावयास आलो, आणि आम्हाला एका अनोळखी पोराची करुण कथा दाखविली. तक्रार अगदीच निराधार नाही. तीन भागांच्या कथेत इतके महत्त्वाचे पात्र तिसऱ्या भागातच प्रथम यावे, ही रचनेतील उणीव खरी आहे, आणि कोरीचे परिवर्तनही फार झपाट्याने होते. ह्या भागाची जगभरची मिळकत दहा कोटी डॉलरांच्या थोडी वर, म्हणजे २०१८ सालच्या निम्म्याहूनही कमी झाली. ज्या दिवशी तो चित्रगृहांत लागला त्याच दिवशी घरबसल्याही पाहता येत होता, हेही त्याचे एक कारण असावे. परंतु ह्या नापसंतीत १९८२ सालचा प्रतिध्वनी आहे. तेव्हाही प्रेक्षक मुखवटा कोठे आहे म्हणून विचारीत होते. गोष्ट संपावी असे आपण तोंडाने म्हणतो. परंतु ती संपविणारा खरोखर आला की त्याच्यावर रागावतो.

मग गोष्ट खरेच संपली काय? व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर नाही. २०२३ साली ‘हॅलोवीन’वर दूरचित्रवाणी मालिका काढण्याचे हक्क मिरामॅक्स कंपनीने मिळविले. मुखवट्याचा धनी असेल त्याला तो पुन्हा कोणाच्याही तोंडावर चढविता येईल. शिर तुटलेला मायकेल परत आला. चूर्ण झालेलाही परत येऊ शकतो. कथाकाराच्या प्रतिज्ञेने हक्कपत्रे बांधली जात नाहीत.

तरीसुद्धा एक गोष्ट संपली आहे, असे मी म्हणतो, आणि ती लॉरी स्ट्रोडची. अशा मालिकांत मारणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी राहते. मेलेल्यांची नावे कोणाला आठवत नाहीत, आणि वाचलेल्यांचे पुढे काय झाले ह्याची विचारपूस कोणी करीत नाही. ‘हॅलोवीन एण्ड्स’ने ती विचारपूस केली. भयंकर प्रसंगातून वाचलेल्या माणसाची गोष्ट, त्याचा वैरी मेला म्हणजे संपत नाही. ज्या दिवशी ते माणूस आपली हकीकत आपल्या शब्दांत पुरी लिहून लेखणी खाली ठेवते आणि दाराशी बसून झाडाच्या मोहराविषयी बोलू शकते, त्या दिवशी ती संपते. राक्षसाचा शेवट शस्त्राने होतो, यंत्राने होतो, आणि कधी कधी होतच नाही. गोष्टीचा शेवट मात्र जिने ती सोसली तिच्याच हाती असतो, आणि तो तिच्या हाती दिला, एवढ्यासाठी ह्या शेवटच्या भागाचे मला मोल वाटते.